शेवटची पंधरा मिनिटं

त्यांना सगळे परीक्षक म्हणत. परीक्षा घ्यायचं त्यांचं काम नव्हतं, काम होतं कवळ्या बनवण्याचं. एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे दहा बाय बाराची खोली होती, तिच्यात एक बर्नर, मेणाच्या पट्ट्या, प्लास्टरचे साचे आणि दातांच्या सोळा छटांची एक पट्टी. पस्तीस वर्षं ते या खोलीत दुसऱ्यांची तोंडं भरत आले होते. पण नाव पडलं ते मतांमुळे. सिनेमा, मालिका, पुस्तकं, पुस्तकांची दुकानं यांपैकी कशाबद्दलही त्यांना मत विचारावं लागत नसे, ते तयारच असे.

ऐतिहासिक मालिका ते पाहू शकत नसत, कारण त्यांची नजर थेट दातांवर जाई. "राजा तीनशे वर्षांपूर्वीचा आणि दात परवाचे," असं म्हणून ते उठून जात. संध्याकाळी बायको जी घरगुती मालिका लावे तिला ते 'रबर' म्हणत. तरी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभे राहत, आणि पेला रिकामा झाला तरी तिथेच असत. "बसा की नीट," बायको म्हणे. हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर तिची नोकरी होती. दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन आल्यावर तिला घरी एकही प्रश्न नको असे. "मी कुठे बघतोय?" परीक्षक म्हणत, "मी फक्त हे कुठवर ताणतात ते मोजतोय."

गावातल्या पुस्तकांच्या तीन दुकानांना त्यांनी क्रमांक देऊन टाकले होते. स्टेशनजवळचं मोठं, काचेचं दुकान तिसरं. तिथे प्रत्येक पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असे, आणि परीक्षकांचं म्हणणं असं, की कवळी आणि पुस्तक या दोन वस्तू तोंड लावल्याशिवाय घेऊच नयेत. कोर्टामागच्या गल्लीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान दुसरं. तिथला मालक स्वतःच इतका वाचनात बुडालेला असे, की गिऱ्हाईक आलं की त्याच्या कपाळाला आठी पडे. परीक्षकांना ती आठी आवडे. पहिला क्रमांक होता सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर असलेल्या बाईंच्या दुकानाचा. लाकडी जिना, वर पोचल्यावर एक स्टूल, आणि स्टुलावर बसलेल्या माणसाला कुठलं पुस्तक घेऊ नये ते स्पष्ट सांगणारी मालकीणबाई. "हे नका नेऊ, मधे फार झोपवतं," असं दुकानदारानं सांगावं यापरतं मोठं प्रमाणपत्र परीक्षकांच्या लेखी नव्हतं.

मतं अनेक होती, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच होतं: शेवट नीट बसला पाहिजे. "कवळी बसली की नाही ते पहिल्या घासाला कळतं, गोष्ट बसली की नाही ते शेवटच्या," असं ते म्हणत. आणि शेवटाचा विषय निघाला, की घड्याळवाल्याचा सिनेमा निघालाच म्हणून समजायचं.

हा सिनेमा त्यांनी तेराव्या वर्षी दादाबरोबर पाहिला होता. फारसा चालला नाही, परत कुठे लागला नाही. एक घड्याळदुरुस्तीवाला असतो. त्याच्याकडे एक बाई नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन येते. नवरा कामासाठी दूर गेलाय, त्याचा पत्ता नाही. ती म्हणते, दुरुस्त नका करू, फक्त साफ करून द्या. दर वर्षी ती येते, तो घड्याळ साफ करतो, काटे जिथले तिथे ठेवतो. अशी अकरा वर्षं जातात. दोघांत कधी एक शब्द जास्त बोलला जात नाही.

"आणि शेवट!" इथे परीक्षक थांबत, समोरच्याकडे पाहत. "बाराव्या वर्षी ती येते. घड्याळ समोर ठेवते आणि म्हणते, आता सुरू करा. तो उघडतो, हात थरथरतोय, कॅमेरा फक्त हातावर. संगीत बंद. टिकटिक सुरू होते. वेळ लावायची म्हणून तो विचारतो, किती वाजले? आणि ती म्हणते, तुम्ही सांगाल ते." मग परीक्षक चष्मा काढून पुसत. "संपलं. 'समाप्त'ची पाटी. याला म्हणतात शेवट. मी या डोळ्यांनी पाहिलाय."

लग्नात, बारशात, रांगेत, दवाखान्यात साचा सुकेपर्यंत थांबलेल्या पेशंटला, सगळ्यांना त्यांनी हा शेवट ऐकवला होता. चाळीसहून जास्त वर्षं.

बाईंच्या दुकानात दर शनिवारी संध्याकाळी कपाटं बाजूला सरकवून, वीसेक खुर्च्या मांडून एक सिनेमा दाखवत. गिऱ्हाइकांपैकी कुणी एकानं आपला आवडता सिनेमा सुचवायचा, आधी दहा मिनिटं बोलायचं, मग सगळ्यांनी पाहायचा. परीक्षकांची पाळी कधीच यायला हवी होती, पण त्यांचा सिनेमाच मिळत नव्हता. बाईंनी सगळीकडे पत्रं टाकली, आणि एका जुन्या सिनेमांच्या संग्रहातून तो मिळवला. परीक्षकांना त्यांनी दवाखान्यात फोन केला. "परीक्षकसाहेब, आला तुमचा घड्याळवाला." त्या दिवशी परीक्षकांच्या हातून एक कवळी उलटी बसली. खालची वर.

शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बायको सोबत आली, कारण इतकी वर्षं ऐकलेला सिनेमा एकदा पाहून मोकळं व्हावं असं तिला वाटत होतं. दहा मिनिटांच्या ऐवजी परीक्षक पंचवीस मिनिटं बोलले. शेवट फोडायचा नाही असा दुकानाचा नियम होता, तो त्यांनी पाळला, पण पाळता पाळता अर्धा मोडला. "शेवटी ती बाई एक वाक्य बोलते," ते म्हणाले. "दोन-तीनच शब्द. त्या वाक्यासाठी बसा. आधीचं आवडलं नाही तरी बसा."

लोक बसले. सिनेमा चांगला होता. घड्याळवाल्याची खोली, भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवणारी, बाईचा दर वर्षी थोडा थोडा विटत जाणारा कोट, सगळं परीक्षकांना आठवत होतं तसंच होतं. प्रत्येक प्रसंगाआधी ते बायकोच्या कानाशी लागून "आता बघ" म्हणत होते. अकरावं वर्ष गेलं. परीक्षक खुर्चीच्या टोकावर आले.

पडद्यावर दुकानाचं दार उघडलं आणि आत एक म्हातारा शिरला. तो नवरा होता. घड्याळवाल्यानं त्याला ओळखलं, बाईनं दाखवलेल्या फोटोवरून. ड्रॉवर उघडून तिनं साफ करायला ठेवलेलं घड्याळ काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि म्हणाला, "माझं नाही हे." मग छत्री उचलून तो निघून गेला. घड्याळवाल्यानं घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवर बंद झाला. पाटी.

बाई शेवटच्या प्रसंगात नव्हतीच.

दिवे लागले. वीस माणसं एका वाक्याची वाट पाहत बसली होती आणि ते कुणी बोललंच नव्हतं. पुढच्या रांगेत भूगोलाचे निवृत्त सर होते, शंका वेळच्या वेळी विचारावी अशा मताचे. त्यांनी मागे वळून विचारलं, "ते वाक्य कुठे होतं हो?"

"प्रत वेगळी दिसते," परीक्षक म्हणाले. "कापलीय."

"पूर्ण आहे," दुकानाच्या बाई हळूच म्हणाल्या. "एकशे अठरा मिनिटं. मी आल्या आल्या तपासली."

"मग दुसरा कुणी जोडलाय हा शेवट! मला सांगू नका. मी पाहिलाय ना!" त्यांचा आवाज चढला होता, आणि तो चढल्याचं त्यांनाच सगळ्यांत आधी ऐकू आलं. शर्टाचं वरचं बटण उघडत ते जिना उतरले. मागून बायको दोघांच्या पिशव्या घेऊन आली.

घरी कुलूप उघडताना ती म्हणाली, "अहो, विसरतं माणूस."

"विसरणं वेगळं," परीक्षक म्हणाले. "मला नाही तेच आठवतंय."

त्या रात्री ते जेवले नाहीत, पण झोपले मात्र गाढ. सकाळी जाग आली तीच नाकाशी एक वास घेऊन, ओल्या रुमालाचा आणि लोखंडासारखा. रविवार असूनही ते आपल्या खोलीत गेले, बर्नर पेटवला, मेणाची पट्टी मऊ करून बोटांनी हिरडीचा आकार द्यायला लागले. डोक्यात गुंता असला की ते हेच करत. आणि मेण बोटांखाली वळत असताना त्यांना एक जिना दिसला. थिएटरचा, दगडी. आपण पायरीवर बसलोय, मान वर, नाकाला ओला रुमाल. घोळणा फुटलाय. शर्टावर लाल डाग. आतून सिनेमाचे आवाज येतायत.

म्हणजे सिनेमा संपला तेव्हा ते आत नव्हतेच.

मग कॅमेरा हातावर होता हे कुठून आलं? संगीत बंद झालं, हे? हे सगळं त्यांनीच वर्षानुवर्षं सांगता सांगता घासून, रंधा मारून बसवलं होतं. पण वाक्य त्यांचं नव्हतं. "तुम्ही सांगाल ते" हे त्यांना दादानं सांगितलं होतं, घरी परतताना, चालता चालता.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती. तो लिफ्टदुरुस्ती करायचा. अंगाला कायम ग्रीसचा वास, खिशात पाना, आणि सिनेमाबद्दल मत एकच: "छान होता." वाईटातला वाईट सिनेमा असो, दादा बाहेर येऊन म्हणायचा, "छान होता." परीक्षकांना त्याची लाज वाटायची. पुढे पुढे त्यांनी त्याच्याबरोबर जाणंच सोडलं. एकदा दादानं फोन करून विचारलं होतं, येतोस का, नवीन लागलाय. तेव्हा ते म्हणाले होते, "तुझ्याबरोबर बघण्यात मजा नाही रे. तू मतच देत नाहीस." दादा हसला होता. "बरं," म्हणाला होता.

परीक्षकांनी मेण तसंच टाकलं आणि वहिनींकडे निघाले.

वहिनी अठ्ठावन्न वर्षांच्या, आणि गेली वीस वर्षं बायकांना मोटार चालवायला शिकवत. परीक्षक पोचले तेव्हा त्यांची छोटी पांढरी गाडी झटके खात फाटकाशी येत होती. चाकामागे एक घामाघूम मुलगी, शेजारी वहिनी निवांत, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर. मुलगी उतरून गेली. वहिनींनी परीक्षकांचा चेहरा पाहिला आणि हात लांब करून पलीकडचं दार आतून उघडलं.

"बसा, भाऊजी. घरात रंग चाललाय, तिथे बसायला जागा नाही."

परीक्षक चाकामागे बसले. त्यांना गाडी येत नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावे ते कळेना.

"वहिनी, दादानं तो सिनेमा पुरा पाहिला होता?"

"कुठला?"

"घड्याळवाल्याचा."

वहिनींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "आलं एकदाचं," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, कधी ना कधी त्याला कळणार. आणि कळलं की पहिले दोन दिवस चिडेल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"लग्नानंतर महिन्याभरात सांगितलं त्यांनी मला. शपथ घातली वर." वहिनींनी सीट मागे सरकवली. "तुमचा घोळणा फुटला. यांनी तुम्हाला जिन्यात बसवलं आणि स्वतः दार थोडं उघडं धरून उभे राहिले. एक डोळा तुमच्यावर, एक पडद्यावर. शेवट पाहिला त्यांनी. नवरा येतो, घड्याळ माझं नाही म्हणतो. तोच ना?"

"तोच. काल पाहिला मी."

"मग घरी जाताना तुम्ही सारखं विचारायला लागलात. दादा, नवरा आला का परत? दादा, सांग ना, आला का?" वहिनी समोरच्या काचेतून बाहेर पाहत होत्या. "तुमचे वडील कामाला म्हणून गेले, त्याला तेव्हा नऊ महिने झाले होते, भाऊजी. पत्रं यायची थांबली होती. सासूबाई त्यांचे शर्ट दर आठवड्याला इस्त्री करून कपाटात ठेवत होत्या. आता यांनी तेरा वर्षांच्या भावाला काय सांगायचं? आला, पण ओळखलंच नाही, असं?"

वडील परत आले नव्हते. पुढे कधीतरी आईनं शर्ट काढून देऊन टाकले होते, पण ते कुठल्या वर्षी, ते त्यांना आठवेना. सिनेमातल्या बाईच्या कोटाचा विटका रंग मात्र आठवत होता.

"ते स्वतः एकोणीस वर्षांचे," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणाले, पूल येईपर्यंत काही सुचत नव्हतं. नवरा मेला म्हणावं तर हा रडणार. आला म्हणावं तर उद्यापासून हा दारात उभा राहणार. मग पूल संपता संपता सुचलं, की तिला वाट बघायचं थांबवू दे. ती म्हणू दे, करा सुरू. आणि ते शेवटचं वाक्य अगदी घराच्या कोपऱ्यावर जमलं."

"मला कधी सांगितलं का नाही?"

"सांगणार होते. तुमच्या लग्नात सांगणार होते. पण तुम्ही मांडवात चारचौघांना तो शेवट ऐकवत होतात. हात काय, कॅमेरा काय! हे मागे उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, मी दिला होता त्यापेक्षा त्यानं चांगला केलाय. आता तो त्याचाच."

परीक्षकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाले, "मी त्याला म्हटलं होतं, तुला मतं नाहीत."

वहिनी एकदम हसल्या, मोकळ्या, रस्त्यावरच्यानं वळून पाहावं अशा. "मतं नाहीत? अहो, तुमच्यासमोर 'छान होता' म्हणून यायचे आणि घरी चप्पल काढता काढता सुरू व्हायचे, 'छान होता, पण'! त्या 'पण'पुढे तासभर. प्रत्येक सिनेमाचा दुसरा शेवट. मला दोन-दोन सिनेमे बघितल्यासारखं व्हायचं. टीव्हीवरची मालिका संपली की आमच्याकडे अजून दोन भाग चालायची."

"मग माझ्यापुढे का नाही बोलला?"

"तुमच्यापुढे बोलायला जागा कुठे असते, भाऊजी?" त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की लागायला थोडा वेळ गेला.

परीक्षक चिडले, पण दोन दिवस नाही, एकच. सोमवारी त्यांनी दवाखान्यात कुणाशी शब्द काढला नाही. मंगळवारी एका पेशंटनं विचारलं, काय हो, आज सिनेमा नाही? तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्ही कुठला पाहिलात?" आणि तोवर तोंडात मापाचा साचा बसलेला तो बिचारा डोळ्यांनीच काहीबाही सांगू लागला. साचा निघाल्यावर त्यानं खरंच सांगितलं, वीस मिनिटं. त्याचा सिनेमा परीक्षकांच्या मते टाकाऊ होता. ओठांपर्यंत आलेलं त्यांनी गिळलं. सोपं नव्हतं ते.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा बाईंच्या दुकानात गेले. पाळी दुसऱ्या कुणाची होती. परीक्षकांनी बाईंना विचारून सुरुवातीला दोन मिनिटं मागितली, आणि खरोखर दोनच घेतली.

"मागच्या वेळी मी म्हटलं, प्रत कापलीय," ते म्हणाले. "कापलेली नव्हती. मी शेवट पाहिलाच नव्हता. मी बाहेर जिन्यात बसलो होतो. जो शेवट मी तुम्हाला सांगणार होतो, तो माझ्या दादानं केला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा." मग त्यांनी तो शेवट सांगितला. कॅमेरा नाही, संगीत नाही, फक्त दादानं सांगितलं असेल तेवढंच. ती म्हणते सुरू करा. तो विचारतो किती वाजले. ती म्हणते तुम्ही सांगाल ते.

मागच्या रांगेतल्या एका बाईनं रुमाल काढला. मग भूगोलाचे सर उठले.

"तुमच्या भावाबद्दल आदर ठेवून बोलतो," ते म्हणाले, "पण मला पडद्यावरचाच जास्त पटला. अकरा वर्षं ज्याच्यासाठी ठेवलं त्यालाच ते आठवत नाही. असं होतं. मी पाहिलंय."

दुसरी कुठलीही वेळ असती तर परीक्षकांनी सरांना जिन्यापर्यंत सोडलं नसतं. आज ते खाली बसले आणि सिनेमाभर त्यांना समोरचं काही दिसलं नाही. 'माझं नाही हे.' म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, फसवणूकही नव्हती. मागच्या शनिवारी ते एका वाक्याची वाट पाहण्यात इतके गुंतले होते, की समोर घडलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. पन्नास वर्षं होत आली, हा सिनेमा त्यांचा सगळ्यांत आवडता होता, आणि तो त्यांनी अजून पाहिलेला नव्हता.

निघताना त्यांनी बाईंकडे त्या सिनेमाची तबकडी मागितली. "वहिनींना दाखवायचाय," ते म्हणाले. "त्यांनी शेवट दोन्ही ऐकलेत. पाहिला एकही नाही."

रविवारी दुपारी वहिनींकडे रंग वाळला होता. परीक्षक, त्यांची बायको आणि वहिनी अशा तिघांनी पडदे ओढून सिनेमा लावला. परीक्षकांनी "आता बघा" एकदाही म्हटलं नाही. एकदा म्हणणार होते, तेव्हा बायकोनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हातारा आला. म्हणाला, माझं नाही हे. छत्री उचलून गेला. ड्रॉवर बंद झाला.

वहिनी पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "हाच बरा आहे."

"काय?"

"हाच शेवट बरा. यांनी बदलायला नको होता."

"वहिनी!" परीक्षक ताठ झाले. "अहो, त्या बाईचं काय मग? ती तशीच बसली असेल घरी! तिला कळणारसुद्धा नाही की तो येऊन गेला!"

"घड्याळवाला सांगेल की."

"नाही सांगणार! त्याची नजर पाहिलीत का तुम्ही? तो नाही सांगणार. दर वर्षी साफ करत राहील. दादानं तिला सोडवलं तरी! तिच्या तोंडी 'सुरू करा' दिलं. दुसऱ्या कुणी येऊन तिचा निकाल लावला नाही, तिचा तिनं लावला. हे साधं आहे का?"

"तुमच्यासाठी केला होता तो, भाऊजी. लहान पोरासाठी. म्हणून सगळं गोड झालं त्यात."

"गोड? अकरा वर्षं फुकट गेलेली आहेत तिची, ते काय गोड आहे? दादाचा शेवट अवघड आहे, वहिनी. तुम्ही त्याला उगाच सोपा म्हणताय. तुम्ही तासतासभर ऐकत होतात आणि तुम्हाला एवढं—" ते थांबले. आपण कुणाची बाजू घेऊन, कुणाशी भांडतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

बायको उठून चहा ठेवायला गेली. जाता जाता म्हणाली, "थांबू नका, मला आतून ऐकू येतंय."

वहिनींनी पाय वर घेतले आणि गादीवर नीट बसल्या. दादाशी वाद घालताना बसत असतील तशा. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "केलं घड्याळ सुरू. त्यानं विचारलं, किती वाजले, ती म्हणाली, तुम्ही सांगाल ते. मग? मग त्यानं किती वाजले म्हणून सांगितलं?"

परीक्षकांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. भिंतीवरची घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती, म्हणजे तिकडे पाहून उपयोग नव्हता. बाहेर उजेड किती होता? तिला घरी जायला किती वेळ लागायचा?

"म्हणजे असं बघा," ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "दुकान बंद करायची वेळ झालेली होती. पण त्यानं ते तिला लगेच सांगितलं नाही..."